मरिनर यानं: बिघडतात, पण सांगितलेलं ऐकतात

नुसते आकडे बघितले तर मरिनर ही नासाची ग्रहांकडे जाणाऱ्या यानांची मालिका फारशी भरवशाची वाटणार नाही. १९६२ ते १९७३ या काळात या नावाची दहा यानं उडाली. त्यातली १, ३ आणि ८ ही तीन कामाला लागण्याआधीच गेली. उरलेल्या सातांपैकी बरीचशी काही ना काही दुखणं घेऊनच मुक्कामाला पोहोचली. कुणाचं सोलर पॅनल बंद, कुणाची बॅटरी फुटलेली, कुणाचा कॅमेऱ्याचा हीटर चालू व्हायलाच तयार नाही. तरीही शुक्र, मंगळ आणि बुध या तिन्ही ग्रहांजवळून जाऊन पहिल्यांदा उपयोगी माहिती पाठवण्याचं काम याच मालिकेनं केलं.

हे जमलं ते दोन कारणांनी. एक, ही यानं शक्यतो जोडीनं बांधली जात. दुसरं जास्त महत्त्वाचं: वाटेत काही बिघडलं की जमिनीवरून नवा हुकूम देऊन काम पुढे रेटता येई. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या केंद्राच्या या यंत्रांचा खरा गुण तोच, आणि परीक्षणही त्याच अंगानं केलेलं बरं.

सुरुवात मरिनर १ पासून. २२ जुलै १९६२ रोजी उड्डाण झालं आणि २९३ सेकंदांनी सुरक्षा अधिकाऱ्यानं रॉकेट उडवून दिलं. आणखी काही सेकंद गेले असते तर यान सुटं झालं असतं आणि ते नष्ट करण्याची सोयही उरली नसती. ॲटलास रॉकेटवरचा वेग कळवणारा बीकन बिघडला होता. तेवढ्यानं भागलं असतं, पण जमिनीवरच्या संगणकाला दिलेल्या समीकरणात एका चिन्हावरची आडवी रेघ लिहायची राहून गेली होती. ती रेघ म्हणजे ‘वेगाची सरासरी काढून मग वापर’ अशी सूचना. ती नसल्यानं संगणक वेगातला किरकोळ चढउतारही खरा मानून रॉकेटला उलटसुलट वळवत राहिला. ‘एका हायफनमुळे यान गेलं’ असं अजून सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. बीकन धड असता तर ती चूक कदाचित कळलीही नसती.

जोडीदार तयार होता म्हणून पाच आठवड्यांत, २७ ऑगस्टला, मरिनर २ निघालं. त्याचंही रॉकेट वर जाताना स्वतःभोवती गरगरायला लागलं आणि मग आपोआप थांबलं, तेही जवळपास हव्या त्याच दिशेला. याला कौशल्य म्हणता येणार नाही.

मरिनर २ म्हणजे २०३ किलोचं, दोन पंखांचं, चांद्रयान रेंजरच्या सांगाड्यावर उभं केलेलं यान. कॅमेरा नाही. ट्रान्समीटर ३ वॅटचा. एक सोलर पॅनल दुसऱ्यापेक्षा आखूड होतं, त्यामुळे सूर्यप्रकाशाचा दाब एकीकडे जास्त पडून यान हळूहळू वळलं असतं. म्हणून आखूड बाजूला ३१ सेंटिमीटरची कापडी पट्टी जोडली होती. उन्हाच्या दाबाचा हिशेब अशा साध्या युक्तीनं जुळवायचा, ही या मालिकेची सवय पुढे मरिनर १० पर्यंत टिकली.

३१ ऑक्टोबरला एका पॅनलची वीज अचानक पडली. जमिनीवरून उपकरणं बंद करून भार कमी केला गेला. आठवड्यानं पॅनल पुन्हा सुरू झालं, आणि १५ नोव्हेंबरला कायमचं गेलं. तोवर यान सूर्याच्या इतकं जवळ पोहोचलं होतं की एकटं दुसरं पॅनल पुरलं. पण जवळ गेल्याचा दुसरा परिणामही होताच: आतलं तापमान अपेक्षेपेक्षा खूप वर चढत गेलं. या यंत्रात उष्णता बाहेर टाकण्याची सोय मुळातच कमी पडत होती. पुढच्या यानांत सुधारलेला पहिला दोष हाच.

१४ डिसेंबरला शुक्राजवळ पोहोचल्यावर यानावरच्या घड्याळानं निरीक्षण सुरू करण्याचा हुकूम द्यायचा होता. तो त्यानं दिलाच नाही. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन केंद्रातून हुकूम गेला आणि उपकरणं चालू झाली. ऐकण्याची सोय नसती तर साडेतीन महिन्यांचा प्रवास करून मरिनर २ शुक्राशेजारून झोपेतच निघून गेलं असतं.

हाती आलं ते मोजकं, पण नेमकं. सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून सूक्ष्मलहरी रेडिओमीटरनं, म्हणजे उष्णतेतून निघणाऱ्या रेडिओलहरी मोजणाऱ्या उपकरणानं, शुक्राच्या बिंबावरून तीनदा नजर फिरवली. १९ मिलिमीटर तरंगलांबीवर मधला भाग जास्त तेजस्वी आणि कडा मंद दिसल्या. म्हणजे उष्णता वरच्या विद्युतभारित थरातून येत नव्हती, खालून, जमिनीकडूनच येत होती. ढगांखाली दलदल आणि जंगलं असतील या जुन्या कल्पनेवर तिथेच पडदा पडला. वाटेत सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा प्रवाह, सतत वाहत असल्याचंही मोजून झालं.

मंगळाची जोडी

मरिनर ३ चा दोष यानाचा नव्हताच. ५ नोव्हेंबर १९६४ ला ते उडालं, पण टोकावरचं फायबरग्लासचं आवरण सुटलं नाही. वर जाताना त्या आवरणाच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या थराचं आतलं अस्तर निघून आलं होतं. आवरण अडकलं, पॅनलं उघडली नाहीत आणि बॅटरी संपली तसं यान गप्प झालं. मंगळाकडे जायची खिडकी, म्हणजे उडण्याची योग्य मुदत, बंद व्हायला थोडे दिवस उरले होते. तेवढ्यात मॅग्नेशियमचं नवं आवरण बनवून, तपासून बसवलं गेलं आणि २८ नोव्हेंबरला मरिनर ४ उडालं. २३ दिवसांत बदली भाग! एवढी झटपट सेवा या क्षेत्रात पुढे क्वचितच दिसली.

मरिनर ४ हे मालिकेतलं सर्वांत नीटनेटकं यान. वजन २६१ किलो, आठ बाजूंचा सांगाडा, चार पॅनलं आणि त्यांवर मिळून २८,२२४ सौरघट. त्याची डोकेदुखी म्हणजे तारा शोधणारा डोळा. यानाला दिशा ठेवायला दोन खुणा लागतात. एक सूर्य, दुसरी त्याच्याशी साधारण काटकोनात असणारी. व्याध सगळ्यांत तेजस्वी खरा, पण तो ग्रहांच्या वाटेच्या मानानं जवळ पडतो. अगस्त्य मात्र थेट दक्षिणेला, क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, ७० अंशांहून जास्त दूर. म्हणून अगस्त्यच निवडला. मोठा मासा पकडायला निघालेल्याच्या गळाला आधी भलतेच मासे लागावेत तशी गत झाली. मघासकट चार चुकीचे तारे धरून मगच अगस्त्य सापडला, आणि सापडलेलाही वारंवार सुटू लागला.

कारण गमतीचं आहे. यानातून सुटलेले धुळीचे कण आजूबाजूला तरंगत, त्यांवर ऊन पडे आणि डोळ्याला तो कण ताऱ्यापेक्षा तेजस्वी दिसे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रकाश आला की यंत्रणा ‘हा अगस्त्य नव्हे’ म्हणून तारा सोडून शोध सुरू करी. उपाय हुकुमानं झाला: ती वरची मर्यादाच काढून टाकली. कण आला तर येऊ दे, थोडा वेळ दिपून जा, पण जागचा हलू नकोस. याच भीतीपोटी कॅमेऱ्याचं झाकणही मंगळ गाठण्याच्या पाच महिने आधी उघडलं, म्हणजे ऐन वेळी झाकणाच्या धक्क्यानं धूळ उडायला नको.

चित्रांचा हिशेब एकदा सविस्तर करून बघण्यासारखा आहे. एक चित्र २०० ओळींचं, प्रत्येक ओळीत २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ६ बिट. म्हणजे २,४०,००० बिट. पाठवण्याचा वेग सेकंदाला ८ पूर्णांक १/३ बिट. भागाकार २८,८०० सेकंद, म्हणजे एका चित्राला बरोबर ८ तास. जवळून जाण्याचा सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आसपासचा, म्हणून चित्रं आधी टेपरेकॉर्डरवर घ्यायची आणि मग दिवसेंदिवस पाठवत बसायचं. सुमारे १०० मीटरच्या टेपच्या वेटोळ्यावर २१ पूर्ण चित्रं आणि बाविसाव्याच्या थोड्या ओळी मावल्या. खात्रीसाठी सगळी दोनदा पाठवली गेली.

टेपरेकॉर्डर नीट थांबला-सुरू झाला का याची शंका होती. त्यामुळे पहिल्या चित्राचे आकडे येऊ लागले तसे काही अभियंत्यांनी ते कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या आणि प्रत्येक आकड्याला ठरलेला रंग देत खडूंनी रंगवून काढल्या. संगणकानं तयार केलेलं चित्र यायच्या आधी मंगळाची कड हातानं रंगवून तयार होती.

१५ जुलै १९६५ च्या सुमारास, ९,८४६ किलोमीटरवरून मिळालेल्या या चित्रांत दिसली ती विवरं. कालवे नाहीत, झाडी नाही. या यानाचं त्याहून मोलाचं काम मात्र कॅमेऱ्यानं केलं नाही, साध्या रेडिओनं केलं. यान मंगळाआड जाताना त्याच्या लहरी वातावरणातून वाकल्या. त्यावरून जमिनीलगतचा दाब ४ ते ७ मिलिबार निघाला. आधीचे अंदाज याच्या कित्येक पट होते. नुसत्या पॅराशूटवर मंगळावर उतरण्याचे आराखडे त्या दिवशी बाद झाले, पुढच्या लँडरना रॉकेटचा ब्रेक लावावाच लागला. जास्तीची उपकरणं न बसवता मिळालेलं इतकं फळ मालिकेत दुसरीकडे नाही.

मरिनर ५ म्हणजे याच यानाचा शिल्लक सांगाडा, शुक्रासाठी फिरवून घेतलेला. कॅमेरा काढला, पॅनलं आखूड करून उलटी लावली, उन्हाची ढाल बसवली. ते १९ ऑक्टोबर १९६७ ला पोहोचलं. आदल्याच दिवशी सोव्हिएत व्हेनेरा ४ शुक्राच्या वातावरणात शिरलं होतं आणि पृथ्वीवरच्या हवेच्या २२ पट दाबाच्या आसपास गप्प झालं होतं. ते जमिनीवर पोहोचलं असाच आधी समज झाला. मरिनर ५ चा रेडिओ हिशेब सांगत होता की जमिनीवर दाब पृथ्वीवरच्या ७५ ते १०० पट असला पाहिजे. व्हेनेरा ४ अजून पंचवीसेक किलोमीटर वर असतानाच संपलं होतं. जुन्या सामानातून उभ्या केलेल्या यानानं दुसऱ्याच्या नव्या यानाचं मोजमाप दुरुस्त केलं.

मरिनर ६ आणि ७ वर फार रेंगाळण्याचं कारण नाही. १९६९ ला मंगळ, ३,४०० किलोमीटरच्या आसपासून, मिळून दोनशेच्या वर चित्रं. नोंद घ्यावी अशा गोष्टी तीन. मरिनर ६ चं ॲटलास रॉकेट उड्डाणतळावरच दबू लागलं. त्याच्या टाक्या पातळ स्टीलच्या, आतल्या दाबावर फुग्यासारख्या उभ्या राहणाऱ्या, आणि एक स्विच बिघडून झडपा उघडल्यानं दाब गळत होता. दोन तंत्रज्ञ धावत आत गेले आणि दाब पुन्हा भरायला लागले म्हणून यान वाचलं. ते दुसऱ्या रॉकेटवर चढवून वेळेत पाठवलं. मरिनर ७ ची बॅटरी मंगळाच्या तोंडावर फुटली, संपर्क काही तास तुटला आणि बाहेर पडणाऱ्या वाफेनं मार्गही किंचित ढळला. सापडल्यावर ते कामाला लावलं. तिसरी गोष्ट आपल्या मुद्द्याची: मरिनर ६ ला दक्षिण ध्रुवाची बर्फाची टोपी रंजक दिसली म्हणून पाच दिवसांनी पोहोचणाऱ्या मरिनर ७ चा कार्यक्रम वाटेतच बदलून तिथली चित्रं वाढवली.

वाट बघू शकणारं यान

मरिनर ८ समुद्रात पडलं. मे १९७१ मध्ये रॉकेटच्या सेंटॉर या वरच्या टप्प्याच्या नियंत्रणातला एक छोटा डायोड गेला आणि रॉकेट कलंडलं. जोडीतल्या दोन यानांचं काम वाटून दिलं होतं: एकानं ध्रुवांवरून जाऊन नकाशा काढायचा, दुसऱ्यानं मंगळावर काय बदलतं ते बघायचं. आता दोन्ही कामं मरिनर ९ च्या गळ्यात पडली. दोन वेगवेगळ्या कक्षांऐवजी सुमारे ६५ अंशांवर कललेली मधली कक्षा निवडली. तडजोडच, पण चांगली निघाली.

१४ नोव्हेंबर १९७१ ला यान मंगळाभोवती फिरू लागलं, दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं पहिलंच. तेव्हा खाली काहीच दिसत नव्हतं. सगळा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला, फक्त चार काळपट डाग वर आलेले. इथे तुलना करायलाच हवी. पुढच्या तीन आठवड्यांत पोहोचलेल्या सोव्हिएत मार्स २ आणि मार्स ३ चं वेळापत्रक आधीच ठरवून दिलेलं होतं. वादळ असो-नसो, लँडर सुटले. एक आदळला. दुसरा २ डिसेंबरला उतरला आणि सुमारे २० सेकंद बोलून कायमचा बंद झाला. त्यांच्या कक्षेतल्या यानांनी धुळीचीच चित्रं काढली. मरिनर ९ च्या नियंत्रक यंत्रात ५१२ शब्दांची स्मृती होती. आजच्या हिशेबात काहीच नाही, पण ती जमिनीवरून पुन्हा लिहिता येत होती. जमिनीवरच्या अभियंत्यांनी चित्रांचं काम थांबवलं, मधल्या काळात फोबॉस आणि डायमॉस हे मंगळाचे चंद्र बघून घेतले आणि धूळ बसायची वाट पाहिली. ते चार डाग म्हणजे प्रचंड ज्वालामुखींची शिखरं निघाली. पुढे ४,००० किलोमीटर लांबीची दरीही दिसली, तिला या यानावरूनच व्हॅलिस मरिनेरिस असं नाव मिळालं. ऑक्टोबर १९७२ मध्ये नायट्रोजन संपेपर्यंत ७,३२९ चित्रं आली.

नायट्रोजन हीच या मालिकेची खरी मुदत. यान वळवायला लहान नळ्यांतून थंड वायू सोडतात. तो संपला की उपकरणं धडधाकट असली तरी ॲंटेना पृथ्वीकडे धरता येत नाही. वीज आणि रेडिओ चालू, पण यान हरवलं. घेणाऱ्यानं वजनाच्या तक्त्यात आधी हाच आकडा बघावा.

मरिनर १० ची सगळी गोष्ट या वायूच्या हिशेबाचीच आहे. ५०३ किलोचं हे यान ३ नोव्हेंबर १९७३ ला एकटंच निघालं. जोडीदार पाठवायचा नाही असं खर्चासाठी ठरलं होतं, आणि तो निर्णय पटण्यासारखा नाही. बुधाला गाठायला त्यानं शुक्राच्या गुरुत्वाचा धक्का वापरला, एका ग्रहाच्या ओढीनं दुसरा ग्रह गाठण्याची युक्ती आधी कुणी केली नव्हती. इटलीच्या ज्युसेप्पे कोलंबो यांनी दाखवून दिलं की मार्ग नीट साधला तर यान दर १७६ दिवसांनी पुन्हा बुधाजवळ येईल. एका यानात तीन भेटी.

निघाल्या-निघाल्या कॅमेऱ्यांचे हीटर चालू होईनात. दूरदर्शी भिंगं गारठून फोकस जाईल म्हणून कॅमेरे बंद न करता चालूच ठेवले, त्यांची स्वतःची ऊब पुरली. मोठ्या ॲंटेनाच्या जोडणीत दोष, कधी सिग्नल कमी, कधी बरा. रंगाचे चमकते कण तारा शोधणाऱ्या डोळ्यापुढून जात आणि अगस्त्य हरवे, म्हणजे नऊ वर्षांनी तोच आजार. सर्वांत मोठा घाव जानेवारी १९७४ च्या अखेरीस बसला. वळण घेताना यानाच्या लवचिक भागांची थरथर जायरोंना, म्हणजे यानाचं फिरणं मोजणाऱ्या उपकरणांना, ‘यान फिरतंय’ असं सांगत राहिली, नळ्या विरुद्ध दिशेनं वायू सोडत राहिल्या, त्यानं थरथर आणखी वाढली. जमिनीवर लक्षात येईपर्यंत साठ्यातला १६ टक्के नायट्रोजन गेला.

यावर काढलेला तोडगा हा मालिकेतला सर्वांत देखणा भाग. जायरो शक्यतो बंद ठेवायचे आणि सोलर पॅनलं व ॲंटेना थोड्या वेगवेगळ्या कोनांत कलवून उन्हाच्या दाबानंच यान फिरवायचं, शिडाच्या होडीसारखं. मरिनर २ च्या कापडी पट्टीचा हा थोरला भाऊ. त्यावर दोन वर्षांच्या आत तिन्ही भेटी झाल्या: २९ मार्च १९७४ ला ७०३ किलोमीटरवरून, सप्टेंबरात दुरून, आणि १६ मार्च १९७५ ला ३२७ किलोमीटरवरून. शुक्राच्या ढगांचे अतिनील पट्टे, बुधाचं चुंबकीय क्षेत्र, आणि सेकंदाला १,१७,६०० बिटनं थेट येणारी चित्रं. मरिनर ४ च्या चौदा हजार पट वेग. पुढे टेपरेकॉर्डरही बंद पडला आणि तिसऱ्या भेटीच्या तोंडावर अगस्त्य पुन्हा हरवला, तरी यान ऐकत राहिलं. २४ मार्च १९७५ ला वायू संपला.

ही यानं कुणाला चालणार नाहीत? ज्याला जमिनीवर उतरायचंय त्याला. तिथे व्हेनेराच. व्हेनेरा ७ नं १९७० साली शुक्रावर आपटून आडवं पडूनही २३ मिनिटं क्षीण सिग्नल दिला, व्हेनेरा १३ तर १२७ मिनिटं टिकलं. पण उतरल्यावर ते यंत्र कुणाचं ऐकत नाही. व्हेनेरा ११ आणि १२ च्या कॅमेऱ्यांची झाकणं उघडलीच नाहीत. १४ ची उघडली, पण मातीची ताकद मोजणारा दांडा नेमका पडलेल्या झाकणावरच टेकला. तिथे कुठला हुकूम पाठवणार?

आणि बुध पूर्ण बघायचा असेल तर मरिनर १० पुरत नाही. १७६ दिवस म्हणजे बुधाची दोन वर्षं, आणि बुधाचा एक पूर्ण दिवसही तेवढाच. त्यामुळे तिन्ही वेळा तीच बाजू उन्हात होती. यानानं काहीही ऐकलं असतं तरी हे बदललं नसतं. सुमारे ४५ टक्के पृष्ठभाग मिळाला. उरलेल्याचे पहिले जवळचे फोटो मेसेंजर यानानं २००८ साली आणले.